दोघांची सहल, कर्जाविना

आपल्याकडील बहुतेक विवाह एप्रिल-मे अथवा नोव्हेंबर-डिसेंबर या महिन्यांत होतात. साहजिकच लग्नाचे वाढदिवसही त्याच महिन्यांत येतात. मे महिन्यात शाळांना सुटी असते आणि डिसेंबरअखेरीस नाताळाची गर्दी असते. रेल्वेची आरक्षणे तेव्हा मिळत नाहीत आणि हॉटेलांचे दर वर्षातील सर्वांत चढे असतात. विवाहाचा पंचविसावा वाढदिवस त्याच तारखेला, एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी साजरा करण्याचे ठरवणारे दांपत्य त्या हौसेची मोठी किंमत मोजते. मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते यांतून पैसा वेगळा काढणे जमलेले नसते, म्हणून ही किंमत अनेकदा क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जातून चुकवली जाते. सहल चार दिवसांत संपते आणि हप्ता मात्र वर्षभर चालतो. काही घरांत याच धास्तीने सहल निवृत्तीपर्यंत पुढे ढकलली जाते, आणि तोवर गुडघ्यांनी दगा दिलेला असतो.

वाढदिवस तारखेने करावा की तिथीने, हा वाद जुनाच आहे. खर्चाच्या दृष्टीने पाहता, दोन्ही बाजूंना सारून तो सोयीच्या महिन्यात करणे सर्वांत शहाणपणाचे. उदाहरणासाठी माळव्यातील मांडू हे स्थळ घेता येईल. बहुतेक पर्यटनस्थळे पावसाळ्यात ओस पडतात. मांडूचे सौंदर्य मात्र त्याच दिवसांत खुलते.

इंदूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, धारच्या पुढे, विंध्य पर्वताच्या एका पठारावर हे जुने राजधानीचे नगर वसले आहे. काकडा खोह नावाची खोल दरी त्याला माळव्याच्या पठारापासून वेगळे करते. श्रावण-भाद्रपदात ही दरी ढगांनी भरते, आणि मुंज व कपूर या दोन तलावांच्या मधोमध उभा असलेला जहाज महाल खरोखरच पाण्यावर तरंगल्यासारखा भासतो. होशंगशाहाची संगमरवरी कबर, हिंडोला महाल, गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे, हे सारे पायी वा सायकलने पाहता येते. पुरातत्त्व खात्याचे प्रवेशशुल्क भारतीयांसाठी नाममात्र आहे.

मांडूची खरी ओळख बाजबहादूर आणि रूपमती यांच्या कथेने झाली आहे. संगीताचा वेडा असलेला माळव्याचा हा सुलतान रूपमतीच्या गाण्यावर लुब्ध झाला. नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय ती अन्नग्रहण करीत नसे, असे लोक सांगतात. पठाराच्या दक्षिण टोकावरील रूपमती मंडपातून स्वच्छ हवेत दूरवर नर्मदेची रेघ दिसते. मुळात ती लष्करी टेहळणीची चौकी होती, हा इतिहास कथेपुढे फिका पडतो. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आधमखान माळव्यावर चालून आला, बाजबहादूर पराभूत होऊन पळाला आणि शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा रूपमतीने विष घेतले. बाजबहादूर पुढे अकबराच्याच चाकरीत दाखल झाला. तेवढा भाग स्थानिक वाटाडे बहुधा गाळतात. पावसाळी ढगांत नर्मदा दिसेलच असे नाही. म्हणूनच मांडूत एकाऐवजी दोन रात्री मुक्काम करावा.

तिसरी रात्र सुमारे ४० किलोमीटरवरील महेश्वरला काढावी. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात येथूनच राज्यकारभार केला. किल्ल्यातील त्यांच्या गादीचा साधेपणा पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतो. घाटावरची संध्याकाळ विनामूल्य आहे. नदीला पूर असेल तर नौकाविहाराचा हट्ट मात्र सोडावा.

आता हिशेबाकडे वळू. मुंबईहून रात्रभराच्या रेल्वे प्रवासाने इंदूर, तेथून भाड्याची मोटार, तीन रात्रींचे मध्यम दर्जाचे निवास आणि साधे भोजन, असा दोघांचा बेत धरला, तर रेल्वेला ५,०००, निवासाला ७,०००, मोटारीला ७,००० आणि जेवणखाण व किरकोळ बाबींना ५,००० रुपये, असे २४,००० रुपयांचे ढोबळ अंदाजपत्रक मांडता येते. (महेश्वरी साडी यात धरलेली नाही. महेश्वरहून साडीविना परतणे किती जणांना जमते, हा प्रश्न वेगळा.)

दरमहा २,००० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडली आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला, तर वर्षअखेरीस मुद्दलावर सुमारे ८५५ रुपये व्याज मिळते. हेच २४,००० रुपये १४ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून उभे केले, तर मासिक हप्ता सुमारे २,१५५ रुपये पडतो आणि वर्षभरात १,८६० रुपये व्याज जाते. प्रक्रिया शुल्क निराळे. हप्ते दोन्हीकडे बाराच, परंतु एकाच सहलीच्या खर्चात सुमारे २,७०० रुपयांची तफावत पडते. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ओढली, तर महिना साडेतीन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचे व्याज ८४० रुपये होते आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. वर्षभराच्या बचतीवर ठेवीने जेवढे दिले, जवळपास तेवढेच कार्ड एका महिन्यात घेते.

ठेव उघडताना एक चूक हमखास होते. मुदत सहलीच्या तारखेशी जुळवली जाते, परंतु पैसा लागतो तो आरक्षणाच्या वेळी. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. ऑगस्टअखेरीस निघायचे, तर तिकीट जूनअखेरीस काढावे लागते. म्हणजे ठेव जूनच्या मध्यापर्यंत परिपक्व व्हायला हवी, अर्थात ती आदल्या जूनमध्ये सुरू झालेली हवी. मुदतपूर्व मोडल्यास व्याजात कपात होते.

शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टच्या आसपास मांडूतही इंदूरकरांची झुंबड उडते. सोमवार ते गुरुवार हा काळ निवडल्यास खोली सहज मिळते आणि दरातही घासाघीस करता येते. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाची मालवा रिसॉर्ट व मालवा रिट्रीट ही निवासस्थाने तेथे आहेत. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. देयकात जुना दर लावलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

नोकरदारांनी रजा प्रवास सवलतीचाही विचार करावा. जुन्या करप्रणालीत चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना ही करसवलत मिळते. ती केवळ प्रवासभाड्यापुरती असते. हॉटेलचे देयक जोडून पाठवणारे दरवर्षी निघतात आणि दरवर्षी ते परत येते.

खोलीची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक स्वतंत्रपणे पडताळावा, कारण हुबेहूब बनावट संकेतस्थळे सुटीच्या तोंडावर वाढतात. खासगी व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागितले गेले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर आणि आपल्या शाखेत ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.