चंद्रतालला गाडी जाते, पण पहिल्याच रात्री तिथं मुक्काम का करू नये?

रील तुम्हीही पाहिलं असेल. निळंशार तळं, मागं उघडे तपकिरी डोंगर, तंबूची चेन उघडते आणि बाहेर आकाशगंगा. खाली कॅप्शन, ‘मनाली ते चंद्रताल, एका दिवसात’.

रीलमध्ये नसतं ते रात्री दीडचं दृश्य. तंबूत कुणीतरी डोकं धरून उठून बसलेलं असतं, पोटात मळमळत असतं, झोप लागत नाही आणि लागलीच तर श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते. संध्याकाळी तळ्याकाठी फोटो काढताना हाच माणूस ठणठणीत होता.

असं का होतं?

चंद्रताल हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटरवर आहे. आकार चंद्रकोरीसारखा, म्हणून हे नाव. मनाली आहे सुमारे २,००० मीटरवर. पूर्वी मनालीहून इकडे यायचं तर रोहतांग खिंडीची चढण आणि तिथली वाहतूक कोंडी पार करावी लागायची. २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि तो वेळ वाचला. पुढं ग्राम्फू ते बातल हा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि मधूनमधून वाहणारे नाले, पण तरी पहाटे निघालेली गाडी दुपारी तळ्याजवळ पोहोचते. म्हणजे एका दिवसात २,३०० मीटरची चढाई, तीही सीटवर बसून. आपल्या कळसूबाईची पूर्ण उंची १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज घ्या.

या उंचीवर ‘हवेत ऑक्सिजन कमी असतो’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत असतं तेवढंच, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी झालेला असतो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी मिळतो. याच कारणामुळे इथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं आणि कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही.

शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. आधी श्वास जोरात चालतो, मग मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-क्षाराचा तोल सावरतात, लाल पेशी तर आणखी उशिरा वाढतात. हे व्हायच्या आत वर पोहोचलात, तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर सुरू होते. याला म्हणतात अ‍ॅक्यूट माउंटन सिकनेस, म्हणजे एएमएस. ही लक्षणं सहसा वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी दिसतात. दुपारी तीनला पोहोचलात, तर हिशोब बरोबर रात्री नऊ ते तीनचा येतो.

त्यात झोपेची भर. जागेपणी आपण नकळत जास्त श्वास घेऊन कमतरता भरून काढतो. झोपेत ते कमी होतं, श्वासाची लय बिघडते, काही सेकंद थांबते, पुन्हा जोरात सुरू होते. रक्तातला ऑक्सिजन दिवसापेक्षा आणखी उतरतो. म्हणून डॉक्टर आणि अनुभवी गिर्यारोहक दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे विचारतात. सर्वमान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं.

‘पण आम्ही दर रविवारी सह्याद्रीत ट्रेक करतो!’ छान. चढताना दम लागणार नाही, पण एएमएसपासून त्याचं संरक्षण मिळत नाही. उलट दणकट माणूस भराभर वर जातो आणि लक्षणं अंगावर काढतो, असंही होतं.

मग जायचं कसं?

शिमला, किन्नौर, काझा असा लांबचा रस्ता कंटाळवाणा वाटतो, पण शरीरासाठी तोच बरा. उंची हळूहळू वाढते, काझाला ३,६०० मीटरच्या वर दोन रात्री काढता येतात आणि मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रतालला उतरायचं. मनालीकडूनच जायचं असेल तर सिस्सूसारख्या ३,१०० मीटरच्या आसपासच्या गावी आधी मुक्काम करावा. नाहीतर तळं दिवसा पाहून खाली झोपायला परतावं. हामटा पास ट्रेक करणारे अनेक ग्रुप हेच करतात. छत्रूला उतरून गाडीनं चंद्रताल पाहायचं आणि परत यायचं.

कापराची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. वास चांगला येतो, एवढंच. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटं पुरतात, रात्र काढत नाहीत. ऑक्सिमीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा इथं नवलाचा नाही, त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध खरोखर मदत करतं, पण ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र पहिल्या रात्री नकोतच, दोन्ही श्वास आणखी मंद करतात.

डोकं साधं दुखत असेल तर थांबा, आणखी वर जाऊ नका. पण बसल्या जागीही धाप लागते, खोकला थांबत नाही, बोलणं विसंगत होतं, सरळ रेषेत टाचेला बोट लावत चालता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. सकाळची वाट पाहायची नाही. लगेच खाली उतरायचं.

आणि चंद्रतालची खरी अडचण इथंच आहे. काझाच्या रुग्णालयात जायचं तर आधी साडेचार हजार मीटरवरची कुंझुम चढावी लागते, म्हणजे आजारी माणसाला आणखी वर न्यायचं. मनालीच्या बाजूला पहिलं ठिकाण बातल, पण ते जेमतेम तीनशे-साडेतीनशे मीटर खाली. त्यापुढं अंधारात तो नाल्यांचा रस्ता. मोबाइलचा भरवसा धरू नये. २०२३ च्या जुलैमध्ये ऐन उन्हाळी हंगामात इथं बर्फ पडला, रस्ते बंद झाले आणि अडीचशेहून जास्त पर्यटक कॅम्पमध्ये काही दिवस अडकले. आजारी असलेल्या काहींना हेलिकॉप्टरनं हलवलं, बाकीच्यांना कुंझुमवरचा बर्फ हटवून लोसरमार्गे बाहेर काढावं लागलं.

राहता राहिला तंबू. तो तळ्याच्या काठावर लावता येत नाही, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे आहेत. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, चक्रवाकासारखे पक्षी इथं येतात आणि एवढ्या थंडीत मैला किंवा उष्टं अन्न कुजायला फार वेळ लागतो. काठावर न झोपण्यात तुमचाही फायदाच आहे, कारण रात्री डोंगरउतारावरची थंड जड हवा खोलगट भागात येऊन साचते.

थंडी जमिनीतूनही वर येते, त्यामुळे जाड चटई स्लीपिंग बॅगइतकीच महत्त्वाची. आणि कितीही कुडकुडलात तरी बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याची पहिली लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ हीच असतात. तंबूतल्या माणसाला ‘उंचीमुळे होतंय’ असं वाटतं आणि तो झोपून जातो.