डोळ्यांची वारी, पायांची वारी

आषाढ लागला, की आम्हां पंढरपूरकरांचे कान टाळमृदंगाकडे लागतात. यंदा त्याआधी कीर्तनसेवेसाठी बोनकोड्यास जाणे घडले. नवी मुंबईतील हे जुने आगरी गाव. 1970 साली सिडको स्थापन झाली, पुढे भातशेती गेली आणि भोवती नगर उठले. भजनाची आवड मात्र गेली नाही.

कीर्तनापूर्वी एका घरी बोलावणे आले. ऐंशी ओलांडलेल्या आजी अंथरुणास खिळलेल्या. नातवाने त्यांच्या डोळ्यांवर पेटीवजा चष्मा चढविला. यास 'आभासी वास्तव' म्हणतात. दोन डोळ्यांपुढे किंचित भिन्न अशी दोन चित्रे येतात, त्यांतून दृश्यास खोली लाभते. मान वळवावी तसे दृश्यही वळते. आजींना चंद्रभागेचे वाळवंट दिसले, विठ्ठल दिसला. त्या पाया पडण्यास वाकल्या, तो हात गोधडीस लागला.

"महाराज, देव दिसला, पण पाय नाही लागले," त्या म्हणाल्या.

यंत्रास नावे ठेवण्याचा आम्हांस मोह झाला. परंतु आम्ही तरी कीर्तनात काय करतो? श्रोत्यांस बसल्या जागी पंढरीस नेतो. कालिदासाच्या यक्षानेही याच आषाढात, रामगिरीवरून न हलता, अलकानगरी शब्दांनी उभी केली. न जाता जाण्याची ओढ जुनीच आहे.

2020 साली महामारीत माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीस आल्या. वारकऱ्यांनी घरी बसून पडद्यावर दर्शन घेतले. पुढे 2022 च्या गुढीपाडव्यास पदस्पर्शदर्शन पुन्हा सुरू झाले, तेव्हा तीच माणसे रांगेत उभी राहिली. पडद्याने तहान भागविली नव्हती, जागी ठेवली होती.

नातवाने विचारले, "आजी, मीही पाहिलं. माझी वारी झाली ना?"

आजी हसल्या. "पायाला चिखल लागला का? वाटेत कुणी पाणी दिलं का?"

आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. ती वाट आजींच्या पायांत साठली होती. म्हणून त्या पेटीने त्यांना गेलेले दिवस परत दिले. नातवापाशी आठवण नव्हती. त्याच्या हाती केवळ चित्र आले. वाचकहो, ज्याचे पाय थकले त्याला हे यंत्र प्रसाद आहे. ज्याचे पाय धड आहेत त्याला ते निमंत्रण ठरावे.

निघताना नातू म्हणाला, "महाराज, पुढच्या वर्षी एक मजल तरी चालतो." आजींनी पेटी उशाशी ठेवली आणि त्याच्या पायांवरून हात फिरविला.