ग्रामपंचायतीचा खर्च एआयला विचारायचाय? मग टूलचे वर्णन नेमके हवे!

बीड : ग्रामपंचायतीचा जमा-खर्च केंद्राच्या 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर पाहता येतो. हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. हीच माहिती एआय एजंटकडून हवी असेल, तर त्याला खर्च शोधणारे टूल जोडावे लागते. ते कधी आणि कसे वापरायचे, हे एजंटला सोबतच्या लेखी वर्णनातून समजते. वर्णन मोघम असेल, तर उत्तरही चुकू शकते.

वर्णनात काय हवे?

गावाचा कोड : आष्टी तालुका बीडमध्ये आहे, तसाच वर्ध्यातही. एका नावाची गावे तर कितीतरी. त्यामुळे नावावर न थांबता शासनाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'तील कोड मागावा.

वर्ष : '२०२४चा खर्च' म्हणजे नेमका कोणता? आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. म्हणून '२०२४-२५' असेच लिहावे, हे सांगावे.

रक्कम : आकडा रुपयांत की लाखांत, हे स्पष्ट करावे.

नोंद नसल्यास : 'नोंद सापडली नाही' आणि 'खर्च शून्य' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. टूलने ती वेगळीच द्यावीत.

गावाला फरक काय पडतो?

नोंद न सापडल्याला एजंटने 'शून्य खर्च' म्हटले, तर झालेल्या कामावरूनही ग्रामसभेत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर विनाकारण आरोप होतील. चुकीच्या गावाचा आकडा आला, तर खरा गैरव्यवहार झाकला जाईल. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत गावाचा कोड, वर्ष आणि मूळ नोंद दाखवण्याची सूचना वर्णनातच असावी. म्हणजे गावकऱ्यांना पोर्टलवर स्वतः पडताळणी करता येईल.