इलेक्ट्रॉन गिळणारा वायू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उरणमध्ये ‘गॅस’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मुंबई हायहून समुद्राखालच्या नळांनी ओएनजीसीच्या प्रकल्पात येणारा. बोकडविऱ्याचं 672 मेगावॉटचं वायू विद्युत केंद्र त्याच्याच ज्वाळेवर वीज करतं. पण तयार झालेली वीज ज्या स्विचयार्डांतून पुढे जाते, तिथल्या उच्चदाबाच्या ब्रेकरच्या पोटात हल्ली बहुतेक ठिकाणी दुसराच गॅस भरलेला असतो : सल्फर हेक्झाफ्लोराइड. वायरमन त्याला नुसतं ‘एसएफ-सिक्स’ म्हणतात. गंधकाचा एक अणू आणि भोवती फ्लोरिनचे सहा. त्याच्याविषयी समज कमी आणि गैरसमज जास्त.

गैरसमज : गॅस म्हटला की पेटणारच.
वस्तुस्थिती : मुंबई हायचा गॅस पेटतो, हा पेटत नाही. उलट तो ठिणगी विझवतो. चालू लाइनवर ब्रेकर उघडला की दोन संपर्कांमध्ये हजारो अंश तापमानाची ठिणगी ताणली जाते. आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येतो. त्या निमिषात ठिणगीतला वायू पुन्हा वीजरोधक झाला, तर ठिणगी कायमची विझते. एसएफ-सिक्स हे काम हवेपेक्षा कितीतरी चपळाईने करतो.

गैरसमज : वायू दाट असतो, म्हणून वीज अडते.
वस्तुस्थिती : दाटपणाचा वाटा आहे. हा वायू हवेच्या पाचपट जड आहे आणि ब्रेकरमध्ये तो दाबून भरतात. पण खरी गोम टक्करीत आहे. पावसाळी रात्री खारं वारं इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतं आणि वर चरचर ऐकू येते. तिथे हवेतला एखादा सुटा इलेक्ट्रॉन वेग घेतो, रेणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन उडवतो, मग दोनांचे चार, चारांचे आठ. एसएफ-सिक्समध्ये ही साखळी मुळातच तुटते. रेंगाळणारा इलेक्ट्रॉन जवळ आला की रेणू त्याला सरळ गिळतो. मग तो इलेक्ट्रॉन स्वतःहून अडीच लाख पटींपेक्षा जड रेणूला चिकटलेला असतो, धावणार कसा? म्हणून सारख्या दाबाला हा वायू हवेपेक्षा अडीच ते तीन पट विद्युतदाब सोसतो.

गैरसमज : फ्लोरिन असला की कोणताही वायू इलेक्ट्रॉन गिळतो.
वस्तुस्थिती : कार्बन टेट्राफ्लोराइड घ्या. त्यातही फ्लोरिनचे चार अणू आहेत, पण मंद इलेक्ट्रॉनला तो धरत नाही. सुमारे 0.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन तर त्याच्यातून जवळजवळ विनाअडथळा निघून जातो. सात इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा इलेक्ट्रॉन आला, तर रेणू त्याला धरतो खरा, पण धरताना स्वतःच फुटतो. कोण कोणाला धरेल हे फ्लोरिनच्या नावावर नाही, रेणूची रचना आणि टक्करीची ऊर्जा यांवर ठरतं.

गैरसमज : हा फक्त विजेच्या खांबांचा विषय.
वस्तुस्थिती : न्हावा शेव्याच्या कंटेनरांतून येणाऱ्या मोबाइल-संगणकांच्या चिपाही याच टक्करींवर घडतात. निर्वात पेटीत थोडा एसएफ-सिक्स सोडून त्याचा प्लाझ्मा केला की वेगवान इलेक्ट्रॉन रेणू फोडतात आणि फ्लोरिनचे अणू सुटे होतात. ते सिलिकॉनशी संयोग पावून त्याचा वायू करतात, आणि पंप तो ओढून घेतो. केसाहून बारीक खाचा अशा कोरल्या जातात. मंद इलेक्ट्रॉन गिळून जो रेणू ठिणगी विझवतो, तोच वेगवान इलेक्ट्रॉनच्या माराने छिन्नी बनतो.

गैरसमज : फ्लोरिन म्हणजे विष, म्हणून हा वायू विषारी. किंवा उलट : वास नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती : शुद्ध एसएफ-सिक्स विषारी नाही. पण जड असल्याने गळालेला वायू केबलच्या चरांत, तळघरांत साचतो आणि हवेला हुसकून लावतो. खाली उतरणारा माणूस गुदमरू शकतो, आणि वास नसल्याने कळतही नाही. दुसरी गोष्ट : ठिणग्यांच्या माऱ्यात रेणूंचे तुकडे होतात आणि ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात. जुना ब्रेकर उघडल्यावर आत दिसणारी पांढरी भुकटी बोटाने पुसून पाहायची नसते. हातमोजे आणि मुखवटा हवाच.

गैरसमज : फ्लोरिनचे वायू ओझोनला भोक पाडतात.
वस्तुस्थिती : ओझोनचे शत्रू क्लोरिन आणि ब्रोमिन. एसएफ-सिक्समध्ये दोन्ही नाहीत. त्याचा गुन्हा वेगळा आहे : तो उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे 24 टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. म्हणजे साधारण दहा हजार लिटर पेट्रोल जाळण्याइतकी. 1997 च्या क्योटो करारातच त्याचं नाव आलं ते यामुळे. हवेत तो शतकानुशतकं टिकतो. जो रेणू ब्रेकरमध्ये तुटूनही पुन्हा जुळतो, तो आकाशातही सहज मोडत नाही.

गैरसमज : जरासा गळाला तर काय बिघडतं? वर भरून घेऊ.
वस्तुस्थिती : ब्रेकरवरच्या तबकडीचा काटा हिरव्यातून पिवळ्यात आला, तर गळती शोधायची असते. नुसतं वर भरलं की गेलेला वायू गेलाच. दाब आणखी घसरला तर ब्रेकर कुलूपबंद होतो, म्हणजे ऐन गरजेला उघडणारच नाही. दुरुस्तीआधी वायू सिलिंडरमध्ये ओढून घेणारी यंत्रं असतात. ती वापरायची, व्हॉल्व्ह मोकळा सोडायचा नाही.

पर्यायही आहेत : निर्वात ब्रेकर, कोरडी हवा, नवी मिश्रणं. युरोपीय संघाने 24 किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगियरमध्ये 2026 पासून या वायूला बंदी घातली आहे. आपल्याकडे बसवलेले ब्रेकर मात्र अजून अनेक वर्षं चालतील. तोवर नियम साधा : हा वायू आत आहे तोवर कामाचा, बाहेर गेला की शेकडो वर्षांचा ताप.