राहती नाव केवढी असावी?

वर्धा जिल्ह्यात कालवे आहेत. बोर धरणाचे आहेत, निम्न वर्धा धरणाचे आहेत. अशा एखाद्या कालव्यात नाव सोडून तिच्यात बिऱ्हाड थाटले तर? थोड्याच दिवसांत ती चिखलात बसेल. आपले कालवे सिंचनाचे आहेत. पाळी आली की त्यांना पाणी सुटते, पाळी संपली की ते आटतात. नाव चालवायची तर कालव्यात बारा महिने पुरेसे खोल पाणी हवे.

जलमार्गाचा एक मोठा प्रयत्न मात्र आपल्या नद्यांवर झालेला आहे. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, तेथून पुढे प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. या वाटेने हिंगणघाटकडचा कापूस नावांतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकात आखली गेली. धवलेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे तिचे पुरस्कर्ते होते. वाटेत नदीच्या पात्रात तीन ठिकाणी मोठे खडकाळ अडथळे होते. त्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलपाश बांधण्याचे काम सुरू झाले. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

जलपाश म्हणजे नावेसाठी बांधलेला पाण्याचा जिना. दोन्ही टोकांना दारे असलेला हा दगडी हौद असतो. नाव आत आली की दार लावतात आणि वरचे पाणी आत सोडतात. पाणी चढते, त्याबरोबर नावही चढते. मग पुढचे दार उघडायचे. उतरताना याच्या उलट. नावेच्या मापाचा विचार या हौदापासून सुरू होतो, कारण जी नाव हौदात मावत नाही तिचा प्रवास तेथेच संपतो.

याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तेथील जुन्या कालव्यांवर आज हजारो लोक नावेत घर करून राहतात. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेला ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. त्याचे बरेचसे जलपाश सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद आहेत. इतके अरुंद का? समजा, हौद २२ मीटर लांब व २.२ मीटर रुंद आहे आणि पाणी २.४ मीटर चढवायचे आहे. गुणाकार करून पाहा. एका वेळेस सुमारे ११६ घनमीटर, म्हणजे १ लाख १६ हजार लिटर पाणी खर्च होते. रुंदी दुप्पट केली तर खर्चही दुप्पट. अरुंद कालव्याला खोदाई कमी लागते, बोगदेही लहान चालतात. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी केलेली ही काटकसर आजच्या घरांची रुंदी ठरवते. म्हणूनच तेथील नावा ६ फूट १० इंच रुंद असतात.

मग लांबी ७२ फूट ठेवावी का? जागा अधिक मिळेल, पण यॉर्कशायरमधील काही जलपाश जेमतेम ५७ फूट लांब आहेत. जवळजवळ सगळीकडे फिरायचे असेल तर नाव ५७ फुटांचीच घ्यावी लागते. एकाच ठिकाणी राहायचे असेल तर मोठी नाव चालेल. म्हणजे 'कुठवर जायचे?' हे ठरल्यावाचून 'केवढी घ्यायची?' याचे उत्तर मिळत नाही.

आता वजनाकडे वळू. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते. ५७ फुटी नावेची पाण्याच्या पातळीवरची जागा, टोके निमुळती असल्याने, ढोबळ मानाने ३० चौरस मीटर धरू. नाव १ सेंटिमीटर खाली जाते तेव्हा ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० किलो पाणी बाजूला सरते. याचा अर्थ, दर ३०० किलो वजनामागे नाव १ सेंटिमीटर बुडते. ती ६० सेंटिमीटर बुडलेली असेल तर तिचे वजन सुमारे १८ टन! पिण्याच्या पाण्याची ५०० लिटरची टाकी भरली की ती आणखी पावणेदोन सेंटिमीटर खाली जाते. उथळ कालव्यात तळ लागण्याच्या बेतात असताना एवढेही पुरते. म्हणून सामान घेण्यापूर्वी हा हिशेब हवा.

तिसरा प्रश्न कलंडण्याचा. नाव एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो. प्लावक बलाचा मध्य तिकडे सरकतो आणि नावेला सावरतो. हे सावरणे लांबीच्या पटीत वाढते, पण रुंदीच्या घनाच्या पटीत वाढते. लांबी दुप्पट तर सावरणे दुप्पट, रुंदी दुप्पट तर आठपट! अरुंद नावेला ही सवलत नसते. म्हणून तिच्या फरशीखाली विटा किंवा फरश्या रचून गुरुत्वमध्य खाली आणतात. जड कपाट एका बाजूला ठेवले तर समोरच्या बाजूलाही वजन ठेवावे लागते. छपरावर सामानाचा ढीग रचणे तर धोक्याचेच.

हे घरीच पडताळून पाहता येईल. उभ्या बाजूंचा, चौकोनी, प्लास्टिकचा डबा घ्या. तळ २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर झाले. डबा मोठ्या टपात तरंगत ठेवून पाण्याच्या पातळीवर खूण करा. आता २०० ग्रॅम वजन त्याच्या मधोमध ठेवा. डबा १ सेंटिमीटर खाली गेला का? मग तेच वजन कडेला सरकवा. नंतर एक उभी बाटली मध्यावर ठेवून तिच्यावर वजन ठेवा आणि डब्याला हलकेच धक्का द्या. वजन तळाशी असताना आणि उंचावर असताना डबा कसा डोलतो, यातील फरक वहीत लिहून ठेवा.

एवढे केल्यावर राहत्या नावेचा नियम तुम्हीच सांगू शकाल. हवी तेवढी मोठी नाव आधी घेऊन मग तिच्यासाठी कालवा शोधू नये. वाटेतला सर्वांत आखूड व अरुंद जलपाश आणि सर्वांत उथळ पाणी आधी मोजावे. नावेचे माप त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे.