घरकुल आपलं, तपासणीही आपलीच

आज बोलू या घरकुलाबद्दल.

यादीत नाव लागलं की घरात आनंद होतो. पुढं मात्र हप्ता अडकतो, मिस्त्री काम अर्धं टाकून जातो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला भेग पडते. मग आपण म्हणतो, "सरकारी घर असंच असायचं." पण असं असायलाच पाहिजे असं नाही. ज्यांना त्या घरात राहायचं आहे त्यांनी काम चालू असतानाच पाहिलं, विचारलं, तर घर चांगलं होतं. हे आपल्या मराठवाड्यात घडलेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाखाली गाडली गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. बाकी शेकडो गावांत लोकांनी आपलं घर आहे तिथंच दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायचं होतं, त्यासाठी सरकार पैसे देणार होतं. पण योजना काय, पैसे कसे मिळतात, बांधायचं कसं, हे बायकांपर्यंत पोचेना. तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. त्या घरोघर माहिती सांगायच्या, कुणाचा हप्ता कुठं अडला ते पाहायच्या, मिस्त्री भूकंपात टिकेल असं काम करतोय का ते बघायच्या, आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपुढं मांडायच्या. या बायका काही इंजिनिअर नव्हत्या. शिकून घेतलं आणि विचारत राहिल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बायकांना अनुभव सांगायला लातूरकडच्या बायका गेल्या होत्या.

आता आपलं बघू. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. पैसे हप्त्यांनी थेट खात्यावर येतात. काम कुठवर आलं याचा जागेवरचा फोटो चढला की पुढचा हप्ता निघतो. फोटोच काढला नसेल, तर हप्ता कशाला येईल? मजुरीचंही तसंच. हजेरीपत्रकावर नाव नसेल, तर ते पैसे गेले.

म्हणून गटाच्या बैठकीत प्रत्येक घरकुलवालीला हे विचारा आणि वहीत लिहा:

१. घर कुणाच्या नावावर आहे? नवरा-बायको दोघांच्या, किंवा बाईच्या नावावर करता येतं.

२. किती हप्ते आले, कोणत्या तारखेला? शेवटचा फोटो कधी काढला?

३. मजुरीचे किती दिवस भरले, किती पैसे जमा झाले?

४. पाया कुठवर गेला? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या काळ्या मातीवर उभी केलेली भिंत तडकते. पाया खाली मुरमापर्यंत नेला का, ते बघा.

५. पाणी मारलं का? स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवायला पैसे लागत नाहीत, पण ते चुकलं तर स्लॅब कच्चा राहतो.

दहा घरांची अशी माहिती एका वहीत आली की चित्र स्पष्ट दिसतं. एकीचाच हप्ता अडला असेल, तर तिच्या कागदात किंवा खात्यात काही राहिलं असेल. सहा जणींचा अडला असेल, तर अडचण सगळ्यांची आहे, तिथं सगळ्यांनी मिळून विचारायचं. कुणाचं काम वेळेत, चांगलं झालं, तेही लिहा. त्या मिस्त्रीचं नाव दुसरीला कामाला येतं.

ही वही घेऊन जायचं कुठं? कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं मांडा. विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. घरकुलाचं सामाजिक अंकेक्षणही गावात वर्षातून एकदा व्हायला हवं, म्हणजे कागदावरचं काम आणि जागेवरचं काम लोकांसमोर ताडून पाहायचं. ते झालं का, विचारा. उत्तर मिळालंच नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज आहे. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत.

बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, बोललं तर यादीतून नाव कटेल." भीती खरी आहे. म्हणूनच एकटीनं जायचं नाही. अर्ज गटाच्या नावानं, सह्या सगळ्यांच्या, आणि बोलणं भांडणाचं नाही, हिशोबाचं. ग्रामसेवकालाही अशी वही उपयोगी पडते, दहा घरं फिरण्याचं त्याचं काम आपण सोपं केलेलं असतं.

पंधरा रुपये कमी पडले तर आपण गटात रात्री उशिरापर्यंत हिशोब लावतो. घरकुल तर लाखाच्या वरचं आहे, आणि जन्माचं आहे. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की वहीचं एक नवं पान काढा आणि वर लिहा, 'घरकुल'.