मलिद्याच्या बैठकीतून उठताना



दोन वर्षांपूर्वी एटोबिकोत एका नातेवाइकांकडे मलिदा होता. एलियाहू हन्नावीचे गीत झाले, तबकातली फळे वाटली गेली आणि जमिनीवरच्या बैठकीतून उठायची वेळ आली, तेव्हा मला उठताच येईना. भाच्याने हात दिला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितले, रक्तातील साखर सीमेवर आली आहे. तेव्हापासून जे शिकलो आणि जे पाळता आले, तेच येथे लिहितो.

प्रथम माप घ्यावे ते कमरेचे. आपल्या भारतीय लोकांत वजन फार नसतानाही पोटात चरबी साठते, आणि मधुमेहाचा धोका तीच वाढवते. म्हणून आपल्यासाठी मर्यादा कमी धरतात: पुरुषांना ९० सें.मी. आणि स्त्रियांना ८० सें.मी. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. ती सर्वांगाची मिळून उतरते.

आता हिशेब. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते. याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. ते घाण्यावर दिवसभर कष्ट करीत. आपल्याकडे तेल राहिले, कष्ट गेले! एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि तेवढ्या खर्चायला जवळजवळ अर्धा तास भरभर चालावे लागते. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आपण नारळाचे दूध घालतो. त्याच्या एका घट्ट कपात ४०० हून अधिक कॅलरी असतात. सोडायचे काहीच नाही. फोडणीचे तेल बाटलीने न ओतता चमच्याने मोजावे, नारळाचे दूध पातळ काढावे, आणि मलिदा एक वाटी चवीने खावा; दुसरी वाटी मात्र नको.

ताटाचा नियम सोपा आहे. कॅनडाच्या २०१९च्या आहार मार्गदर्शिकेत अर्धे ताट भाज्या-फळांचे, पाव ताट प्रथिनांचे आणि पाव ताट अख्ख्या धान्याचे दाखवले आहे, पिण्यासाठी पाणी. आपल्या घरी नेमके उलटे होते: अर्धे ताट भाताचे आणि कोशिंबीर कोपऱ्यात चमचाभर. प्रथिनांसाठी मासे, अंडी, कोंबडी, मसूर, वाल आहेतच. १०० ग्रॅम माशात सुमारे २० ग्रॅम आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

व्यायाम किती? कॅनडातील मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम ते जोमाची हालचाल आणि निदान दोनदा स्नायूंचा व्यायाम सांगतात. रविवार ते गुरुवार रोज ३० मिनिटे चाललो की हिशेब पूर्ण होतो. शुक्रवारी शाब्बाथची तयारी, शनिवारी विसावा. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग हवा. उन्हाळ्यात हंबर नदीकाठची वाट, हंबर बे पार्क किंवा सेंटेनियल पार्क आहे. बर्फात पाय घसरून हाड मोडण्यापेक्षा शेरवे गार्डन्ससारख्या मॉलमध्ये फेऱ्या माराव्यात.

स्नायूंसाठी जिम लागत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हात न लावता दहा वेळा उठावे-बसावे. मग भिंतीवर तळवे टेकून दहा वेळा अंग पुढे न्यावे व मागे ढकलावे. नंतर ४ लिटर दुधाची पिशवी एकेका हातात धरून घरात फेऱ्या माराव्यात. असे तीन वेळा करावे. दहा सोपे वाटू लागले की बारा करावेत. दोन वेळांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, कारण स्नायू विश्रांतीतच भरतात. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे. हृदयविकार किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

झोप सात तासांची तरी हवी. जागरणाने भूक वाढते. इथल्या हिवाळ्यातील उन्हात त्वचा पुरेसे ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही. म्हणून ५१ वर्षांवरील सर्वांना रोज ४०० युनिटांची गोळी सुचवली जाते.

योम किप्पूरचा उपास वजन उतरवण्यासाठी नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टर आणि हाझान दोघांशी बोलावे. जीव वाचवणे हाच आपल्या धर्मात मोठा नियम आहे.

माझी कंबर अजून ९० वर आलेली नाही, ९४ आहे. साखर मात्र खाली आली. मागच्या मलिद्याला भाच्याने सवयीने हात पुढे केला, तेव्हा मी त्याच्या हातात रिकामे तबक दिले आणि आपला आपण उठलो.